ग्रीग आणि शुमन एकाच अल्बमवर: शुमन फिका का वाटतो आणि तो ऐकायचा कसा

तुमचा प्रश्न असा की नॉर्वेचा ग्रीग आणि जर्मनीचा शुमन या दोन संगीतकारांचे ए मायनर स्केलमधले पियानो कन्सर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची लांब रचना) असलेला अल्बम तुम्ही घेतला, ग्रीग पहिल्या झटक्यात आवडला, शुमन मात्र तीन-चारदा ऐकूनही हाताला लागत नाही, दोन्हींची सुरुवात जवळजवळ सारखी वाटते, मग हे दोघं कायम एकत्र का विकतात आणि शुमनमध्ये नेमकं ऐकायचं काय. मी पियानो शिकवतो आणि त्याहून जास्त वेळ विद्यार्थ्यांबरोबर दुसऱ्या पियानोवर बसून ऑर्केस्ट्राचा भाग वाजवतो, म्हणजे हे दोन्ही कन्सर्टो मी ऑर्केस्ट्राच्या बाजूने हाताखालून घातलेत, त्यामुळे उत्तर त्या बाजूनेच देतो. जरा लांबेल.

आधी जोडीचं बघू. एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) एका बाजूला साधारण पंचवीस-तीस मिनिटं संगीत मावायचं आणि हे दोन्ही कन्सर्टो तीस मिनिटांच्या आसपासचे, म्हणजे एका बाजूला एक आणि उलटवलं की दुसरा, कंपन्यांना याहून सोयीचं काय मिळणार. पण फक्त सोय म्हणून जमलेली जोडी नाही ही. ग्रीग लायप्झिगला शिकत होता तेव्हा 1858 मध्ये त्याने खुद्द क्लारा शुमनला, म्हणजे शुमनच्या पियानिस्ट बायकोला, शुमनचा हा कन्सर्टो वाजवताना ऐकलं होतं, त्याचा पियानोचा एक शिक्षक वेन्झेल हा शुमनच्या मित्रांपैकी होता, आणि दहा वर्षांनी 1868 मध्ये डेन्मार्कमधल्या सोलेरोद गावी राहून त्याने स्वतःचा कन्सर्टो लिहिला तेव्हा स्वर तोच ए मायनर, सुरुवातीला पियानोची वरून खाली कोसळणारी उडी तशीच, आणि मग मुख्य थीम (मुख्य चाल) आधी वुडविंड्सकडे (बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून ही फुंकवाद्यं) आणि लगेच पियानोकडे हा क्रमही तोच. त्यामुळे तुम्हाला सारखं वाटलं ते बरोबरच आहे. ग्रीगने शुमन डोळ्यासमोर ठेवूनच सुरुवात केलीये आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, पंचविशीतला माणूस ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्यासारखंच लिहिणार.

पण पहिला मिनिट संपला की दोघांच्या वाटा पार वेगळ्या होतात, आणि एकापाठोपाठ एक ऐकण्यात शुमनचं नुकसान होतं ते इथे. बऱ्याच अल्बमवर ग्रीग आधी येतो, आपला कान ग्रीगच्या सवयीने शुमनकडे जातो आणि तिथे जे शोधतो ते तिथे नसतं.

ग्रीगची सवय म्हणजे काय ते सांगतो. टिंपनीचा (मोठ्या नगाऱ्यांचा) रोल अगदी हळू सुरू होऊन फुगतो, ऑर्केस्ट्रा एक ठोका देते आणि पियानो ए, जी शार्प, ई असे तीन सूर घेऊन त्याच आकृतीत टप्प्याटप्प्याने पूर्ण कीबोर्ड उतरून तळाला जातो आणि तिथून परत वर येतो. यानंतर पूर्ण कन्सर्टोभर एक रीत दिसते, ऑर्केस्ट्रा गोष्ट मांडते आणि पियानो ती ताब्यात घेतो. पहिली थीम वुडविंड्स सांगतात, पियानो घेतो. दुसरी थीम चेलो सांगतात, पियानो घेतो आणि वाढवत नेतो. अडाजिओमध्ये, म्हणजे मधल्या संथ भागात, म्यूट लावून आवाज मऊ केलेले स्ट्रिंग्ज (व्हायोलिन, चेलो वगैरे तंतुवाद्यं) डी फ्लॅट मेजरमध्ये लांबलचक गातात, तेवढा वेळ पियानिस्ट हात मांडीवर ठेवून बसतो, मग तो येतो आणि शेवटी तीच थीम पूर्ण ताकदीने स्वतः वाजवतो. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये (भागात) हालिंग या नॉर्वेजियन नाचाचा ठेका चालू असताना मध्येच सगळं थांबतं आणि बासरी एफ मेजरमध्ये एक धून घेऊन येते, आणि तीही पुढे पियानोकडेच जाते. म्हणजे ऐकणाऱ्याने एकच करायचं, पियानोवर लक्ष ठेवायचं, जे महत्त्वाचं आहे ते कधी ना कधी तिथे येणारच. यात काही हलकं नाही बरं का, ही रीत ग्रीगला सुंदर जमलीये आणि शेवट तर असा आहे की तो थोर पियानिस्ट लिस्टलाही भिडला होता. 1870 मध्ये रोममध्ये लिस्टने हस्तलिखितावरून हा कन्सर्टो पहिल्या नजरेत वाजवून दाखवला आणि शेवटच्या पानावर जिथे जी शार्प अपेक्षित असताना साधा जी येतो तिथे तो उठून उभा राहिला, हात उंचावून तो सूर गात फिरला, आणि परत बसून तो शेवट पुन्हा वाजवला, हे ग्रीगने स्वतः घरी पत्रात कळवलंय. अल्बम परत लावाल तेव्हा अगदी शेवटी बासरीची ती धून अख्खी ऑर्केस्ट्रा मोठ्याने घेते ना, तिथे कान द्या, तो साधा जी ऐकू येतो आणि एकदा कळला की दरवेळी त्याची वाट बघाल.

आता शुमन. ऑर्केस्ट्रा ई चा एक ठोका देते, पियानो कॉर्ड्स (एकदम वाजणारे अनेक सूर) घेऊन खाली कोसळतो, तीन बार (तालाची आवर्तनं) फक्त, आणि ओबो थीम घेऊन येतो, खाली क्लॅरिनेट, बासून, हॉर्न धरून. सी, बी, ए, ए असे उतरणारे सूर. जर्मन सूरनामांत (तिथे बी ला एच म्हणतात) ही अक्षरं क्लाराच्या कियारा या लाडक्या नावात बसतात म्हणून त्याबद्दल बरंच लिहिलं जातं, पण ऐकताना त्याने फार मदत होत नाही. मदत होते ती याच्या पुढच्या वीसेक सेकंदांकडे नीट लक्ष दिलं तर. ओबोनंतर पियानो तीच थीम घेतो, इथवर ग्रीगसारखंच, पण थीम संपली की व्हायोलिन्स पुढची ओळ घेतात आणि पियानो काय करतो? तो खाली अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक, फिरवत बसतो. साथ करतो. सोलोइस्ट म्हणून ज्याचं नाव कव्हरवर मोठ्या अक्षरात आहे तो कन्सर्टोच्या पहिल्याच मिनिटाच्या आसपास साथीदार झालेला असतो आणि आपण ग्रीगच्या सवयीने त्याच्याकडेच बघत राहिलो तर आपल्याला नुसती बोटांची सळसळ ऐकू येते आणि वाटतं की इथे काहीच घडत नाहीये. घडतंय, पण व्हायोलिन्समध्ये.

पुढे साधारण दोन-तीन मिनिटांवर सी मेजर येतो तिथे हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. क्लॅरिनेट मुख्य थीमच मेजरमध्ये गातो, पियानो त्याच्याखाली मोडलेल्या कॉर्ड्सची सतत वाहती साथ देतो. गवयाच्या मागे बसलेला चांगला पेटीवाला जसं स्वतः पुढे न येता गाणं उचलून धरतो, तसं. आपल्याकडे साथ हा शब्द किती मानाचा आहे हे आपल्याला कुणी सांगायला नको, तोच कान इथे लावा. पियानो चाल वाजवत नसताना काय करतोय ते ऐका, मला या कन्सर्टोबद्दल जे सांगायचंय ते मुख्यतः एवढंच आहे.

याचा पुरावा मला दुसऱ्या पियानोवर रोज मिळतो. ग्रीगचा ऑर्केस्ट्रा भाग वाजवताना मी विद्यार्थ्याच्या मागे जातो, तो थांबला तर थांबतो, धावला तर धावतो, माझं काम सोपं. शुमनमध्ये उलटं होतं. चाल माझ्या हातात असते आणि अर्पेजिओ त्याच्या, म्हणजे त्याने माझ्या मागे यायला हवं, माझा श्वास कुठे तुटतो ते ऐकायला हवं. आणि तयारीची मुलं, ज्यांचा लिस्ट-शोपां झालेला असतो, तीच इथे अडखळतात कारण त्यांना कुणाच्या मागे जायची सवयच नसते. तंत्राच्या दृष्टीने त्या पानांत काही अवघड नाही. मी त्यांना सांगतो की डावा-उजवा दोन्ही भाग विसर, आधी फक्त क्लॅरिनेटची ओळ गाऊन दाखव, श्वास घेऊन, आणि मग तीच मनात गात साथ वाजव. जो गाऊ शकतो त्याची साथ आपोआप नीट बसते. आणखी एक गोष्ट, पियानोवर ओबोची ओळ वाजवताना लांब सूर धरल्याबरोबर विझायला लागतो, ओबो मात्र तोच सूर धरून वाढवू शकतो, त्यामुळे प्रत्यक्ष ऑर्केस्ट्राबरोबर पहिल्यांदा वाजवणारा विद्यार्थी त्या पहिल्या थीमला चक्क गडबडतो, कारण ओबोनंतर तीच ओळ त्याला विझणाऱ्या सुरांवर सांगायची असते. हे शुमनला माहीत होतं आणि मला वाटतं म्हणूनच त्याने तो क्रम ठेवलाय.

हे असं त्याने मुद्दाम केलं का? हो. 1839 मध्ये त्याने क्लाराला पत्रात कळवलं होतं की बड्या कलाकारांसाठीचा कन्सर्टो आपल्याला लिहिता यायचा नाही, काहीतरी वेगळं शोधायला हवं. त्याच वर्षी त्याच्या मासिकात त्याने लिहिलं की पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची नव्याने सांगड घालून दाखवणाऱ्या कुणाची तरी आपण वाट बघतोय. मग 1841 मध्ये त्याने स्वतःच पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी एक फँटसी (मोकळ्या बांधणीची रचना) लिहिली, क्लाराने ती ऑगस्टमध्ये लायप्झिगच्या गेवांडहाउस या सभागृहात तालमीच्या वेळी वाजवून बघितली, तेव्हा तिचं पहिलं बाळंतपण अगदी तोंडावर आलं होतं, आणि डायरीत लिहिलं की पियानो ऑर्केस्ट्रात असा विणलाय की एकाशिवाय दुसऱ्याचा विचारच करता येत नाही. प्रकाशकांनी मात्र ती घेतली नाही. चार वर्षांनी 1845 मध्ये त्याने तिला आणखी दोन मूव्हमेंट्स जोडल्या आणि 4 डिसेंबर 1845 ला ड्रेस्डेनमध्ये क्लाराने पूर्ण कन्सर्टो वाजवला, हिलर कंडक्टर होता. म्हणजे आपण जी पहिली मूव्हमेंट ऐकतो ती मुळात सलग एकच रचना होती, त्यामुळेच तिच्यात इतक्या वेगवेगळ्या चाली वाटतात पण नीट बघितलं तर ओबोची ती एकच थीम रूपं बदलत फिरत असते. मध्ये ए फ्लॅट मेजरमध्ये सगळं संथ होतं, पियानो आणि क्लॅरिनेट एकमेकांशी बोलतात, ती थीमही तीच. आणि कॅडेन्झा (पियानो एकटाच वाजतो तो भाग) संपल्यावर जो दोनच्या ठेक्यातला लगबगीचा शेवट येतो, त्यातही तीच.

कॅडेन्झावरून आठवलं, ती शुमनने स्वतः पूर्ण लिहून दिलीये आणि तिच्यात फटाके नाहीत. ज्यांना ग्रीगच्या कॅडेन्झानंतर ही ऐकू येते त्यांना ती बेताची वाटते. ती हळूहळू आतून तापत जाते, ट्रिलवर (शेजारचे दोन सूर भराभर आलटूनपालटून) चढते आणि ऑर्केस्ट्राला परत आत घेते. दोनदा सलग ऐका.

दुसरी मूव्हमेंट इंटरमेझो, पाचेक मिनिटांची. पियानो आणि स्ट्रिंग्ज अगदी छोटे छोटे तुकडे एकमेकांना देतात घेतात, चार-चार सुरांचे, आणि हे चार सुरही पहिल्या थीमच्याच पोटातून आलेत. मग चेलो सी मेजरमध्ये लांब ओळ गातात आणि पियानो वर छोटी छोटी उत्तरं देतो. इथे लोक हमखास पियानोची उत्तरं ऐकत राहतात, मी म्हणेन चेलो ऐका. शेवटी वुडविंड्स ओबोची ती जुनी थीम आठवल्यासारखी घेतात, एकदा मेजरमध्ये, एकदा मायनरमध्ये, आणि तिथून न थांबता तिसरी मूव्हमेंट सुरू होते. न थांबता हे महत्त्वाचं आहे. तुम्ही मोबाइलवर ऐकत असाल तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू करा आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद करा, शफल तर चुकूनही नको, आणि फुकटचं अकाउंट असेल तर नेमकी या दोन ट्रॅकच्या मध्ये जाहिरात येऊ शकते आणि मग त्या सांध्याचं वाटोळं होतं. ट्रॅक दोन आणि तीन मिळून एकच तुकडा आहे असं समजून ऐका.

तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये एक जागा आहे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठेका तीनचा, वेगाने जाणारा, एक-दोन-तीन एक-दोन-तीन. मग ई मेजरमध्ये स्ट्रिंग्ज अगदी दबक्या आवाजात तुटक सुरांची दुसरी थीम घेतात आणि अचानक सगळं अर्ध्या वेगाने चालल्यासारखं वाटतं. वेग बदललेला नाही. शुमनने सूर दर दोन ठोक्यांवर ठेवलेत, त्यामुळे तीन-तीनचे दोन बार मिळून तीन मोठ्या ठोक्यांचा एकच बार ऐकू येतो. मांडीवर हाताने एक-दोन-तीन मोजत राहा, थांबू नका, आणि कानाने वरचा मोठा ठेका ऐका, दोन्ही एकदम जाणवले की अंगावर काटा येतो. कंडक्टरची काठी मात्र बारला एक ठोका देतच राहते, सूर एकीकडे आणि काठी दुसरीकडे, त्यामुळे अनुभवी ऑर्केस्ट्रासुद्धा इथे सावध असतात आणि माझे विद्यार्थी हमखास इथेच सुटतात. त्यांना मी बारला एकच मोठा ठोका पायात धरायला लावतो आणि बाकी मोजणं सोडून द्यायला सांगतो.

रेकॉर्डिंगबद्दल. शुमनसाठी अल्बम निवडताना माझी एकच कसोटी असते, त्या सी मेजरच्या जागी क्लॅरिनेट सोलोइस्टसारखा ऐकू येतो की पियानोच्या मागे कुठेतरी. बऱ्याच रेकॉर्डिंग्जमध्ये माइक पियानोच्या इतका जवळ असतो की साथच पुढे येते आणि गाणं मागे राहतं, ग्रीगला हे चालून जातं, शुमनला अजिबात नाही. तुमचा अल्बम तसा असेल तर दोष तुमच्या कानाचा नाही.

मला विचाराल तर आधी पियानिस्ट राडू लुपू घ्या, कंडक्टर आंद्रे प्रेविन आणि लंडन सिम्फनीबरोबर, 1973 चं डेकाचं. लुपूचा हात मऊ, त्याची साथ खरंच साथ असते, आणि ग्रीगमध्येही तो उगाच आवाज चढवत नाही. वुडविंड्स स्वच्छ ऐकायचे असतील तर लाइफ ओवे आन्स्नेस, मारिस यान्सन्स आणि बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर, या शतकाच्या सुरुवातीचं. आन्स्नेस स्वतः नॉर्वेजियन, त्याच्या ग्रीगमध्ये नाचाचा ठेका फार मोकळा आहे, आणि बर्लिनचे वुडविंड्स शुमनमध्ये प्रत्येक ओळ पियानोच्या बरोबरीने बोलतात. पियानिस्ट रिख्टरचं, कंडक्टर मातासिचबरोबरचं 1974 चं रेकॉर्डिंग जबरदस्त आहे पण ते पहिलं ऐकू नका, त्याची ग्रीगची सुरुवात एकदा कानात बसली की दुसरं कुणी पटकन पटत नाही.

आणि पियानिस्ट दिनू लिपाती. त्याने ग्रीग 1947 मध्ये गालिएराबरोबर आणि शुमन 1948 मध्ये कारायानबरोबर रेकॉर्ड केला, दोन्हीकडे फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा. हे 78 च्या तबकड्यांच्या जमान्यातलं, नंतर एलपीवर एकत्र आलं, आणि 1950 मध्ये तेहतिसाव्या वर्षी तो गेला. आवाज मोनो आहे, थोडी खरखर आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ऑर्केस्ट्रा लांब वाटेल. पण शुमनच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये ओबोनंतर तो थीम घेतो ती जागा ऐका, सूर विझतात हे विसरायला होतं. कसं करतो याचं थोडंफार उत्तर देता येतं, तो उजव्या हाताचा वरचा सूर किंचित उशिरा सोडून पुढच्यात मिसळतो आणि पेडल फार कमी घेतो, पण थोडंफारच. मी विद्यार्थ्यांना हे ऐकवतो ते शुमन वाजवायला घेऊन दोन-तीन महिने झाल्यावर, आधी नाही, आधी ऐकवलं तर ते नक्कल करायला बघतात.

मुंबईत असाल आणि एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या सीझनमध्ये यातलं काही लागलं तर जरूर जा. ग्रीगसाठी हॉलच्या डाव्या बाजूला बसलात तर हात दिसतात, मजा येते. शुमनसाठी मात्र हात बघायचा मोह सोडा आणि वर, मध्यभागी जागा घ्या, वुडविंड्स पियानोच्या झाकणावरून सरळ कानात येतात.

शेवटचं, तुम्ही दुसरा अल्बम कुठला घेऊ असंही विचारलंय. तिसरं-चौथं ग्रीग-शुमन घेऊ नका. बेआत्रिचे रानाचा 2023 चा अल्बम घ्या, त्यावर शुमनच्या कन्सर्टोबरोबर क्लाराचा स्वतःचा ए मायनर कन्सर्टो आहे. तो तिने किशोरवयात लिहिला आणि 1835 मध्ये सोळाव्या वर्षी गेवांडहाउसमध्ये मेंडेलसोनच्या हाताखाली वाजवला, म्हणजे रॉबर्टच्या (शुमनच्या) फँटसीच्याही सहा वर्षं आधी. त्याची मधली मूव्हमेंट, रोमान्झ, लावा. जवळजवळ पूर्ण वेळ ऑर्केस्ट्रा गप्प आहे, आधी पियानो एकटा गातो, मग एकच चेलो येऊन तीच चाल घेतो आणि पियानो त्याच्या साथीला बसतो. तो ए फ्लॅट मेजरमध्ये आहे. ते ऐकून झालं की लगेच रॉबर्टच्या पहिल्या मूव्हमेंटमधली पियानो-क्लॅरिनेटची ए फ्लॅटची जागा लावा, साधारण पाचव्या मिनिटाच्या आसपास सापडेल, आणि मग तिथून पुढे न थांबता शेवटपर्यंत जा.